पाळी आणि भरतीचा सराव: त्या चार-पाच दिवसांत मैदानावर काय करावं?

माळरान

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींसाठी हा धागा काढतेय. मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटर धावणं २०, १०० मीटर १५ आणि ४ किलोचा गोळा १५. सराव आठवड्यातले सहा दिवस, पहाटे साडेपाच ते साडेसात. पाळी आली की मुली चार-पाच दिवस येतच नाहीत. काहींना खरंच खूप दुखतं, पण बऱ्याच जणींना घरून सांगितलेलं असतं की या दिवसांत पळायचं नाही, वजन उचलायचं नाही, पिशवी खाली सरकते. वर्षाच्या तेरा पाळ्या धरल्या तर पन्नासेक दिवस असेच जातात.

नेमकी माहिती हवी आहे. पहिल्या दिवशी पळावं का, आणि किती? गोळी घ्यायची तर कोणती, कधी? पॅडने मांड्या सोलवटतात त्यावर काय उपाय? शीर्षासन-सर्वांगासन बंद ठेवायचं का? आणि नेमकं ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, तारखेलाच पाळी आली तर?

डॉक्टर_काकू

आधी पिशवीचं. गर्भाशय अस्थिबंधांनी आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी धरलेलं असतं. निरोगी मुलीच्या पळण्याने, उड्या मारण्याने ते सरकत नाही, पाळीत नाही आणि एरवीही नाही. अंग बाहेर येण्यामागची कारणं वेगळी आहेत: बाळंतपणं, वय, वर्षानुवर्षं कुंथणं, जुनाट खोकला. पळाल्याने मूल होत नाही हीही भीती काढून टाका.

पळताना रक्त जास्त जातंय असं वाटतं, ते का हेही मुलींना सांगा. रात्रभर झोपून असताना योनिमार्गात साठलेलं रक्त उभं राहिल्यावर, हालचाल केल्यावर एकदम बाहेर येतं. एकूण रक्तस्राव वाढत नाही. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर तो जास्त रक्तस्राव. मिलिलिटर कोणी मोजत नाही, म्हणून खुणा लक्षात ठेवा: दर एक-दोन तासांनी पॅड भिजणं, रात्री पॅड बदलायला उठावं लागणं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडणं, आठ दिवसांहून जास्त चालणं. यातलं काहीही दर महिन्याला होत असेल तर आधी तपासणी, मग सरावाची चर्चा.

टाच_आणि_चवडा

पळण्याबद्दल. चार दिवस सुट्टी घेतल्याने दम लगेच उतरत नाही, त्यामुळे ज्या मुलीला खरंच उठवत नाही तिला अपराधी वाटू देऊ नका. नुकसान दुसरीकडे होतं. आठवड्यातली दोन भारी सत्रं, म्हणजे ४०० मीटरच्या फेऱ्या आणि २०० मीटरच्या फेऱ्या, दोन्ही बुडतात. मग पुढच्या आठवड्यात ती भरून काढायला सलग दोन दिवस जोरात पळवतात आणि नडगी दुखायला लागते. म्हणून सत्र रद्द करू नका, पुढे ढकला.

पाळीचा कितवा दिवस आहे यावरून वेळापत्रक आखणं मला पटत नाही. २०२० साली यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात चक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांत कामगिरीत पडणारा फरक नगण्य निघाला, आणि मुलीमुलीत तफावत मोठी. एखादीची उत्तम वेळ पाळीच्या दुसऱ्या दिवशी लागते, एखादीला त्याच दिवशी वॉर्म-अपही जड जातो. म्हणून सकाळी मुलीने स्वतःच दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा.

० ते ३: ठरलेलं सत्र जसंच्या तसं. फक्त वॉर्म-अप दहाऐवजी पंधरा मिनिटं.

४ ते ६: दहा मिनिटं भरभर चालणं, मग पंधरा-वीस मिनिटं हळू जॉगिंग, इतकं हळू की पूर्ण वाक्य न थांबता बोलता यावं. त्यानंतर दुखणं कमी झालं असेल, आणि बहुतेकदा होतं, तर ८० मीटरचे चार मोकळे स्ट्राइड (लांब टांगा टाकत, पूर्ण जोर न लावता पळणं), मध्ये चालत परत. भारी सत्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

७ च्या वर: पळायचं नाही. घरी शेक, गोळी, जमलं तर वीस मिनिटं चालणं. आणि हा आकडा महिन्यामागून महिने ७ च्या वरच येत असेल तर प्रश्न सरावाचा नाही, दवाखान्याचा आहे.

गोळाफेकीला पहिला दिवस वाईट नसतो. गोळा न घेता पायांची सरक, कमरेचा पीळ, मग हलक्या गोळ्याने उभ्यानं फेक, असं तंत्राचं काम त्या दिवशी उरकता येतं. जोर लावताना श्वास कोंडू नका, फेकीबरोबर सोडा. श्वास कोंडून कुंथलं की पोटातला दाब वाढतो आणि आधीच आवळलेलं ओटीपोट जास्त दुखतं. स्क्वॉटलाही हाच नियम: उठताना श्वास बाहेर. वजन मुद्दाम कमी करायची गरज नाही, पण दुखत असेल तर सेट चाराचे दोन करा.

डॉक्टर_काकू

आता दुखणं आणि गोळी. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांनी गर्भाशयाचे स्नायू आवळतात, तिथला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळ येते. साध्या पाळीच्या दुखण्याची ओळख अशी: पाळी सुरू होताना किंवा त्याच्या काही तास आधी सुरू होतं, पहिल्या दिवशी सर्वांत जास्त, दोन-तीन दिवसांत संपतं. मेफेनॅमिक ॲसिड आणि आयबुप्रोफेन ही रसायनं तयार होणंच कमी करतात. म्हणून कळ टोकाला गेल्यावर घेतलेली गोळी कमी उपयोगी पडते. चाहूल लागली की लगेच, काही खाऊन घ्यायची.

प्रौढ मुलीसाठी नेहमीचं प्रमाण: मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, किंवा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, तेही दिवसातून तीनदाच. दोन्हींपैकी एकच. दोन-तीन दिवसांहून जास्त नाही. पहिल्यांदा घेत असाल तर डॉक्टरांना विचारून. आम्लपित्ताचा अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, अशा गोळ्यांनी वाढणारा दमा, किंवा डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नाही. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढली आहे. क्वचित एखाद्या व्यक्तीला त्याची तीव्र प्रतिक्रिया येते: ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं, आणि हे गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं. असं दिसलं तर गोळी थांबवून थेट डॉक्टरकडे.

मैदानावरच्या मुलींसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. मेडिकलमध्ये "पाळीची गोळी द्या" म्हटलं की बहुधा हातात पडते ती मेफेनॅमिक ॲसिड २५० आणि डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम अशी जोडगोळी. डायसायक्लोमिनने तोंड सुकतं, डोळ्यांपुढे थोडं अंधुक होऊ शकतं, झापड येते, आणि घाम कमी येतो. घाम कमी आला की उन्हात पळताना शरीर थंड होत नाही. पळायच्या दिवशी ही जोडगोळी नको. साधी मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन मागून घ्या. तीही भरपूर पाणी पिऊनच, कारण शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या आणि जोराचं पळणं मिळून मूत्रपिंडावर ताण आणतात.

गोळी नको असेल तर शेक घ्या. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून ओटीपोटावर १५ ते २० मिनिटं. साधारण ४० अंशांचा शेक सलग दिला तर आयबुप्रोफेनइतका आराम पडतो असं अभ्यासात दिसलं आहे. कडकडीत पाणी भरून कातडी भाजून घेऊ नका. पोटावर कायमचे तपकिरी जाळीदार डाग पडलेल्या मुली दवाखान्यात दिसतात.

रानजाई

काकू, व्यायामानेच दुखणं कमी होतं असं सगळीकडे वाचायला मिळतं. मुलींना तसं सांगितलं आणि पहिल्याच पाळीत फरक पडला नाही की त्या सोडून देतात.

डॉक्टर_काकू

बरोबर, कारण अर्धंच सांगितलं जातं. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्र आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा २०१९ चा आढावा आहे. आठवड्यातून तीनदा किंवा जास्त, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचं दुखणं १०० च्या मापावर सुमारे २५ अंकांनी कमी झालं. व्यायाम हलका असो की जोराचा, फायदा दिसला. पुरावा फार भक्कम दर्जाचा नाही हेही त्यांनीच नोंदवलंय. पण यातला मुद्दा असा की हा महिनाभर नेमाने केलेल्या व्यायामाचा परिणाम आहे. महिनाभर काही न करता पहिल्या दिवशी दहा मिनिटं उड्या मारून तो मिळत नाही. भरतीच्या मुली सहा दिवस पळतात, म्हणजे त्यांना तो आपोआप मिळतो. निदान दोन-तीन पाळ्या जाऊ द्या, मग तुलना करा.

पाळी नसतानाही ओटीपोट दुखणं, शौचाला किंवा लघवीला जाताना कळ येणं, दर महिन्याला दुखणं वाढत जाणं, गोळी आणि शेक दोन्हीनेही न थांबणं, ही एंडोमेट्रिओसिससारख्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) आजाराची लक्षणं असू शकतात. अशा मुलीला "पळ, बरं वाटेल" म्हणून ढकलू नका.

चाफा

पॅड आणि मांड्या. सोलवटतं ते तीन गोष्टींनी: पॅडची जाळीदार वरची बाजू, घाम, आणि सैल चड्डीमुळे पुढेमागे सरकणारा पॅड. उपायही त्याच क्रमाने.

वरची बाजू सुती असलेला पातळ पॅड घ्या. जाड पॅड पळताना मध्ये दुमडतो आणि त्याची कड घासते. दोन पॅड एकावर एक लावू नका. वरचा सरकतो, खालचा कोरडाच राहतो, आणि घाम अडकतो.

चड्डी मापाची, सुती, पॅड नवा चिकटवायच्या आधी कोरडी. ओल्या कापडावर गोंद धरत नाही. तिच्यावर मांडीच्या मध्यापर्यंत येणारी घट्ट सायकलिंग शॉर्ट, गडद रंगाची, आणि वरून ट्रॅक पँट. ही शॉर्ट पॅड जागेवर धरते आणि मांडीला मांडी घासू देत नाही. एवढ्या एका कपड्याने बहुतेकींचं काम होतं.

पळायच्या आधी जांघेत, जिथे पॅडची कड येते तिथे, व्हॅसलिनचा पातळ थर. पॅडवर लागू देऊ नका, शोषण कमी होतं. पावडर नको. घामात तिचे गोळे होतात आणि जास्त घासतं.

पळायच्या अगदी आधी पॅड बदला, पळून झाल्यावर अर्ध्या तासात पुन्हा बदला. घामाने ओला झालेला पॅड कमी भरलेला असला तरी काढायचा. लाल झालेल्या जागी साधं पाणी, मऊ कापडाने टिपून कोरडं, मग खोबरेल किंवा झिंकचं मलम. चिरा पडल्या किंवा खाज वाढत गेली तर ती बुरशी असू शकते. तिथे मेडिकलवरून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका, बुरशी पसरते.

पाळीचा कप, म्हणजे योनिमार्गात बसवून रक्त साठवणारी मऊ वाटी, वापरणाऱ्यांना पळताना सर्वांत मोकळं वाटतं. २० ते ३० मिलिलिटर मावतं, आठ ते बारा तास ठेवता येतो. पण ग्राउंडच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा लावून पाहायची ही वस्तू नाही. दोन-तीन पाळ्या घरी सराव करा. गळतो तो बहुधा पूर्ण उघडला नाही म्हणून. आत गेल्यावर बुडाशी बोट फिरवून पाहा, दुमड लागली तर कप थोडा फिरवा, की उघडतो. काढताना देठ धरून ओढायचं नाही, बूड चिमटीत दाबून हवा आत जाऊ द्यायची आणि मग काढायचा. प्रत्येक पाळीच्या आधी आणि नंतर पाच मिनिटं उकळा, पाणी आटू देऊ नका. तांबी (गर्भनिरोधक कॉपर-टी) बसवलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ओढली जाऊ शकते.

लग्न न झालेल्या मुलींनी कप वापरू नये असं आया म्हणतात. योनिमुखाचा पडदा लवचिक असतो आणि मुळातच प्रत्येकीचा वेगळा असतो. त्याच्यावरून कोणाबद्दल काहीच ठरवता येत नाही. लहान मापाचा मऊ कप वापरायला हरकत नाही. पण मुलीची तयारी नसेल तर आग्रह करू नका, पॅड आणि घट्ट शॉर्ट पुरेसं आहे.

माळरान

खूप उपयोगाचं. आणखी एक. काही मुलींना पहिल्या दिवशी पहाटे दोन-तीनदा शौचाला जावं लागतं, पातळ होतं, आणि त्या घाबरून पाणीच पीत नाहीत.

डॉक्टर_काकू

तेच प्रोस्टाग्लँडिन. आतड्याच्या स्नायूंवरही त्यांचा परिणाम होतो, म्हणून पातळ होतं, मळमळतं. संसर्ग नाही. पाणी बंद करणं सर्वांत वाईट. आदल्या रात्री मटकी-चवळीची उसळ, कच्ची कोशिंबीर, तळलेलं टाळा. भात-वरण किंवा मऊ खिचडी बरी. सकाळी दूध-चहाऐवजी केळं किंवा दोन बिस्किटं. पातळ झालंच तर ओआरएसची पुडी, पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. अंदाजपंचे मीठ जास्त टाकू नका.

सुप्तबद्धकोण

योगाचं. पुण्यातल्या अय्यंगार परंपरेत पाळीच्या दिवसांसाठी स्वतंत्र क्रम आहे आणि तो आधार घेऊन करायचा आहे. लोड, घोंगड्या, पट्टा.

सुप्त बद्धकोणासन: लोड पाठीच्या कण्याला समांतर, त्याची जवळची कड कमरेला टेकलेली. तळवे जोडून टाचा जांघेकडे, पट्टा कमरेच्या खालून आणून पावलांभोवती. दोन्ही मांड्यांखाली घडी घातलेली घोंगडी, डोक्याखाली एक घडी. पाच ते दहा मिनिटं. पट्टा पोटावरून नको, माकडहाडाच्या पातळीवर हवा. नेमकं इथेच चुकतं. पट्टा वर चढला की कमरेत कमान येते आणि आराम मिळायचा तिथे दुखतं.

त्यानंतर बद्धकोणासन भिंतीला पाठ टेकून, उपविष्ट कोणासन, जानुशीर्षासन कपाळाखाली लोड घेऊन. पोट दाबायचं नाही, लांब ठेवायचं. शेवटी शवासन, पोटऱ्या खुर्चीवर न ठेवता सरळ.

या परंपरेत शीर्षासन, सर्वांगासन, हलासन पाळीत करत नाहीत. नौली, उड्डियान बंध, कपालभातीही नाही. सूर्यनमस्कार घालायचे तर सावकाश, संख्या कमी, आणि उड्या मारून मागे न जाता एकेक पाय मागे नेत.

निळी_सायकल

यात एक भेद करायला हवा. परंपरेचा नियम म्हणून पाळणं वेगळं, आणि उलटं झाल्याने रक्त मागे जाऊन आजार होतो असं मुलींना सांगणं वेगळं. रक्त गर्भाशयाच्या नळ्यांतून थोडं मागे पोटात जाणं हे बहुतेक स्त्रियांत, अगदी नव्वद टक्क्यांच्या आसपास, एरवीही होतं. उलट्या आसनांनी एंडोमेट्रिओसिस होतो असा पुरावा नाही. पाळीचं रक्त मुख्यतः गर्भाशयाच्या आकुंचनाने बाहेर पडतं. अंतराळात गुरुत्वाकर्षण जाणवत नाही, तिथेही महिला अंतराळवीरांना पाळी नेहमीसारखीच येते. कोणी चुकून सर्वांगासन केलं तर घाबरवू नका.

सुप्तबद्धकोण

मान्य. भीती घालायची नाहीच. नियम का पाळायचा, तर त्या दिवशी शरीराला उलटं तोलण्यापेक्षा पोट मोकळं ठेवणं जास्त सुखाचं असतं, एवढंच कारण मी देते. कपालभातीचं मात्र वेगळं. पोटाला एकामागून एक झटके बसतात आणि कळा येत असताना ते सहन होत नाही. ते दोन-तीन दिवस साधा दीर्घ श्वास, उच्छ्वास लांब, पुरे.

हिरवी_थाळी

सगळे त्या चार दिवसांबद्दल बोलतायत. मला काळजी वाटते ती उरलेल्या पंचवीस दिवसांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ८०० मीटरला दुसऱ्या फेरीत पाय शिशासारखे होणं, जिना चढताना धाप, केस गळणं, माती किंवा खडू खावासा वाटणं, याचं खापर पाळीवर फुटतं आणि मूळ असतं लोहाच्या कमतरतेत.

तयारी सुरू करतानाच प्रत्येक मुलीची सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची साधी तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासणी करा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पण १२.३ असूनही फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा संपलेला आहे, आणि ही मुलगी पळताना मागे पडते, रिपोर्ट मात्र नॉर्मल म्हणून बाजूला टाकला जातो. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन तपासू नका, खोटं वाढलेलं येतं. सीबीसीत एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान) बराच कमी आणि फेरिटिन मात्र व्यवस्थित असेल तर थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) शंका घ्यायची, एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी करायची. अशा मुलीला आंधळेपणाने लोहाच्या गोळ्या देऊ नका.

गोळी डॉक्टरांनी दिली तर कशी घ्यायची: रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, आणि तिच्या पुढेमागे किमान तासभर चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी नाही. पहाटे सरावाला जाण्याआधी किंवा सराव संपल्या संपल्या. कारण जोराच्या व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि लोह आतड्यातून आत जाऊ देत नाही. सकाळी पळून दुपारी अकराला गोळी घेणं म्हणजे नेमकी चुकीची वेळ. रोज घेऊन पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घ्या. त्यात शोषण उलट चांगलं होतं. शौच काळं होतं, त्याला घाबरायचं नाही.

जेवणात बाजरीची भाकरी, हाळीव, काळे तीळ, मोडाची मटकी, आणि वर लिंबू पिळलेलं. लिंबू शिजवताना नको, ताटात. खात असाल तर मटण, कलेजी, मासे. त्यातलं लोह जास्त सहज शोषलं जातं. बीट आणि खजुरावर विसंबू नका, रंगावरून वाटतं तितकं लोह त्यांत नाही. गुळाचा खडाही तसाच. चांगला आहे, पण दहा ग्रॅम गुळातून मिळणारं लोह फार थोडं, आणि प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम. जेवणानंतर लगेच चहा प्यायची सवय मोडली तरी बराच फरक पडतो.

टाच_आणि_चवडा

हिरवी थाळीने हे काढलं ते बरं झालं, कारण उलटी बाजूही मैदानावर दिसते. पाळीच न येणं. वजन कमी व्हावं म्हणून मुली रात्रीचं जेवण सोडतात, सहा दिवस पळतात, पाळी बंद होते आणि त्यांना वाटतं बरंच झालं. हे मुळीच बरं नाही. खाणं आणि खर्च यांचा मेळ बसला नाही की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात. नडगीला किंवा पावलाला सूक्ष्म फ्रॅक्चर होतात ते यातूनच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या अवस्थेवर २०१४ साली निवेदन काढलं आणि २०२३ मध्ये नव्याने.

हिशोब करून पाहा. ५० किलोची मुलगी, त्यातली चरबी सोडून सुमारे ४० किलो. दर किलोला ४५ कॅलरी म्हणजे १८००, अधिक सरावात जाळलेल्या ४०० ते ५००. म्हणजे २२०० ते २३०० कॅलरी रोज. दर किलोला ३० च्या खाली गेलं की धोका, म्हणजे सराव करून १६००-१७०० च्या आत खाणारी मुलगी त्या रेषेवर उभी आहे. नेमाने येणारी पाळी तीन महिने आली नाही तर पळणं कमी, खाणं वाढवा आणि डॉक्टरकडे पाठवा. लग्न झालेली असेल तर आधी गर्भधारणेची तपासणी.

माळरान

आता ग्राउंडच्या तारखेचं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मुली एकमेकींना विचारून घेतात.

डॉक्टर_काकू

हे मैत्रिणीच्या सल्ल्याने घ्यायचं औषध नाही. नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून, आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, अशी ती पद्धत. आदल्या दिवशी सुरू केली तर पाळी थांबत नाही, उलट मधूनमधून डाग पडत राहतात. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी, यकृताचा आजार, किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर नाही. पोट फुगणं, छाती जड होणं, मळमळ हे काहींना होतं, आणि जड पोटाने ८०० मीटर पळणं हे पाळीत पळण्यापेक्षा सोपं असेलच असं नाही. ज्या मुलीची पाळी अनियमित आहे तिला तारीखच धरता येत नाही, तिथे याचा उपयोग नाही. ज्यांना फार त्रास होतो त्यांनी दोन-तीन महिने आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावं, म्हणजे एखाद्या महिन्यात आधी आजमावून पाहता येईल.

बाकीच्यांना मी एवढंच सांगेन की पाळीच्या दिवशीही पूर्ण ८०० मीटर वेळ लावून पळण्याचा सराव आधीच करून ठेवा. मग तारीख कुठलीही आली तरी अंगाला ते नवं नसतं.

पहाटपाखरू

प्रशिक्षक पुरुष असले की मुली सांगत नाहीत, नुसत्या गैरहजर राहतात. त्यांनी काय करावं?

टाच_आणि_चवडा

सर, विचारूच नका. रोज दोन गट ठेवा, अ आणि ब. अ म्हणजे ठरलेलं सत्र, ब म्हणजे वर लिहिलेलं हलकं सत्र. कोणीही कोणत्याही दिवशी कारण न देता ब मध्ये उभं राहायचं. मुलांनाही हाच नियम, म्हणजे ब मध्ये कोण आहे यावरून कोणाला काही कळत नाही. बुडालेलं सत्र कधी करायचं हे मात्र तिथल्या तिथे ठरवा. मैदानाजवळ दार लागणारं स्वच्छतागृह, आत पाणी, आणि झाकणाचा डबा हवा. हे नसेल तर बाकी सगळं सांगून उपयोग नाही, मुली येणारच नाहीत. आणि प्रत्येकीने वहीत चार रकाने ठेवावेत: तारीख, दुखण्याचा आकडा, दिवसातले पॅड, त्या दिवशीची वेळ. तीन महिन्यांत ज्या-त्या मुलीचा नमुना दिसायला लागतो.

रानजाई

ग्राउंडच्या दिवसाचा क्रम कोणी लिहाल का? पाळी त्याच पहाटे आली असं धरून.

टाच_आणि_चवडा

काकूंनी सांगितलेली गोळी आधी सरावात घेऊन सोसते हे पाहिलेलं आहे, असं धरते.

उठल्या उठल्या एक पेला पाणी, केळं किंवा दोन पोळीचे तुकडे गुळाबरोबर, त्यावर गोळी. तिला काम करायला साधारण तासभर लागतो, म्हणून मैदानावर पोचून घेऊ नका. दहा मिनिटं पोटाला शेक. व्हॅसलिन, नवा पॅड, सायकलिंग शॉर्ट.

पिशवीत चार पॅड, एक जादा चड्डी, एक जादा शॉर्ट, वर्तमानपत्राचे तुकडे आणि वापरलेले पॅड ठेवायला बंद होणारी पिशवी, छोटा टॉवेल, ओआरएस घातलेली बाटली आणि साध्या पाण्याची दुसरी. रांगेत किती तास जातील आणि कोणता प्रकार आधी लागेल हे तिथे गेल्यावरच कळतं, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने दोन-चार घोट पीत राहा, एकदम ढोसू नका. उकिडवं बसून राहू नका, कंबर धरते. दर वीस मिनिटांनी उभं राहून कमरेची वर्तुळं, मार्जारासनातली पाठ वर-खाली दहा वेळा, जमिनीवर जागा नसेल तर गुडघ्यांवर हात टेकून उभ्यानेच.

पुकारा व्हायच्या आधी अर्धा तास पॅड बदला. मग आठ मिनिटं जॉगिंग, पायांचे झोके, ६० मीटरचे तीन स्ट्राइड. ८०० ला पहिले २०० मीटर मुद्दाम आवरून. पोट आवळलेलं असताना सुरुवातीला जोर काढला की श्वास वर-वर चालतो आणि बरगडीखाली चमक भरते. भरलीच तर वेग थोडा उतरवून तीन पावलांत श्वास आत, दोन पावलांत जोराने बाहेर, आणि चमक आहे त्या बाजूला बोटांनी दाबून धरायचं. पन्नास-साठ मीटरमध्ये बहुधा सुटते, मग पुन्हा वेग घ्यायचा.